एका माणसाचा केक

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमतात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस बघावं तर अख्खी फळी भरलेली! आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमधली माणसं आता पांगली. मी रिटायर होऊन साताऱ्यात लेकाकडे आले. पण कुणाच्या लग्नात जुने चौघं एका पंगतीला बसलो, की ताटातली जिलबी तशीच राहते आणि विषय निघतो तो मायक्रोवेव्हमधल्या केकचा!

*

कारखाना इस्लामपूरजवळचा. उसाच्या रसात साखर किती, हे तासातासाला मोजायचं, हे आमचं काम. आमचे चीफ केमिस्ट माने साहेब. त्यांना स्वतःला डायबेटिस! "जन्मभर मी साखर मोजली, आता ती माझे दिवस मोजतीय," असं तेच हसत सांगायचे.

माझ्या नणंदेनं नवा मायक्रोवेव्ह घेतला, तेव्हा तिचा जुना मी लॅबशेजारच्या खोलीत आणून ठेवला. डबे गरम करायला. एका दुपारी वैशालीनं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोरीनं, कपात चार चमचे कणीक, थोडं लोणी, किसलेला गूळ, दूध, चिमूटभर सोडा आणि सुंठ-दालचिनी-जायफळाची पूड घालून ढवळलं आणि दीड मिनिट लावलं. कडेनं बिस्किट, मध्ये मऊ केक! वास असा सुटला, की शेजारच्या ऑफिसातला क्लार्क विनाकारण फाईल घेऊन आला.

वैशाली सांगलीची, मोबाईलवर बघून काहीबाही करणारी. मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "हा एका माणसाचा केक आहे!"

माने साहेब म्हणाले, "एका माणसाचा? आणि बाकीच्यांनी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं?"

आणि त्यांनी तो केक थेट लॅबच्या काट्यावर ठेवला. एकशे सव्वीस ग्रॅम. आम्ही सात जण. प्रत्येकी अठरा ग्रॅम, कमी नाही, जास्त नाही!

स्वतःचा तुकडा तोंडात टाकत साहेब म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, गोड किंचित खा. आता किंचित म्हणजे किती, ते तरी कळलं!"

*

आप्पा आमचे लॅब अटेंडंट. आटपाडीकडचे. वडील मेंढरं राखायचे, आप्पा फौजेत गेले आणि तिथून पेन्शन घेऊन आमच्याकडे आले. बाटल्या अशा धुवायचे, की आरसा नको. वैशालीचा केक बघून त्यांनाही हुरूप आला. "चिनी मातीचा कप फुटतो बिटतो," म्हणत त्यांनी पेटीतून आपला फौजेतला मग काढला. पांढरा, निळ्या काठाचा, वर मुलामा आणि आत अस्सल पत्रा!

बटन दाबलं मात्र, आत नुसती आतषबाजी! चट् चट् ठिणग्या. वैशाली किंचाळली, मी प्लग ओढला, माने साहेब टेबलाआड.

आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बॉर्डरवर इतकी वर्सं काडली, पर असलं फायरिंग न्हाई बगितलं गड्या!"

*

एकदा कारखान्याचे एक संचालक अचानक लॅबमध्ये आले. केक नुकताच बाहेर काढलेला. लपवायला वेळच नव्हता, म्हणून माने साहेबांनी चमचा पुढे केला. संचालकांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मिटले.

"वा! ही आपली साखर. मी लाखात ओळखीन. दाण्याला चवच वेगळी!"

त्यात साखरेचा एक दाणा नव्हता. सगळा गूळ, तोही वैशालीच्या मामाच्या गुऱ्हाळावरचा! साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गूळ सापडणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यातलाच प्रकार. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

माने साहेब शांतपणे म्हणाले, "होय साहेब, आपलीच. पण या लॉटला रंग जरा जास्त आलाय."

*

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. केक सुरू झाला त्याच्या आदल्या गाळपाच्या सीझनला आप्पांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, काळ झाला होता. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून आप्पांच्या कॉलनीतल्या खोलीत काही शिजलंच नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी आम्ही देऊ ते, रात्री चिवडा. पँट कमरेवर राहीना, तिला सुतळी बांधलेली. मला बघवायचं नाही.

मी एकदा त्यांना चांगलंच झापलं. "आप्पा, हातपाय धड आहेत. दोन भाकरी थापून घ्यायला काय होतं?"

ते म्हणाले, "आवं बाई, एका मानसासाटी कुनी रांधतं व्हय? रांधायचं ते दोगांचं तरी पायजे. एकट्यानं कराय बसलो की हातच चालत न्हाई."

मी माझ्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

वैशालीनं मात्र मनावर घेतलं. तिनं आप्पांना केक शिकवला, तो कप फुटू न देता. रोज चारला आप्पा स्वतःच्या हातानं केक करणार आणि स्वतः खाणार, असं ठरलं. केक रोज झाला. अगदी झकास झाला. पण आप्पा तो हातात घेऊन बाहेर जायचे आणि उसाच्या रांगेत थांबलेल्या कुठल्यातरी ट्रॅक्टरवाल्याला देऊन यायचे!

"सकाळधरनं लाईनीत हाय बिचारा," हे वर.

आणि आमच्याकडे रिकामं भांडं परत करायची पद्धत नाही. पहिला ट्रॅक्टरवाला कुंडलचा. त्यानं कप परत आणला तो शेंगा भरून. दुसऱ्यानं हरभरे आणले. तिसऱ्यानं पुन्हा शेंगा. महिना संपता संपता लॅबमध्ये पोतंभर शेंगा जमल्या, आणि आप्पांच्या पोटात केकचा एक घास नाही!

माने साहेब म्हणाले, "वैशाली, तुझ्या प्रयोगाचं उत्पन्न चांगलं आहे. फक्त पीक चुकलं!"

*

एक दिवस मात्र आप्पांनी आपणहून माने साहेबांसाठी कप लावला. साहेब खुश. पहिला घास खाल्ला आणि त्यांचे कान लाल झाले. दुसरा खाल्ला, तर डोळ्यांतून पाणी. तांब्याभर पाणी प्यायले. आप्पांनी सुंठेच्या जोडीला घरची कांदा-लसूण चटणी चांगली चमचाभर घातली होती!

"आप्पा, हे गोड आहे का तिखट?"

"गोडच हाय की साहेब! तुमाला शुगर हाय, म्हनून जरा उतारा टाकलाय."

*

आप्पा रिटायर झाले तो दिवस मला आठवावासा वाटत नाही, पण आठवतो. निरोपाला शाल नको, नारळ नको म्हणाले. मग आम्ही तो जुना मायक्रोवेव्हच खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून दिला. स्टँडवर त्यांनी तो एसटीच्या खिडकीशेजारच्या सीटवर ठेवला आणि आपण उभे राहिले.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ते सीट माणसासाठी आहे. खोकं खाली ठेवा."

आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. त्येचा पाय दुकतोय!"

अख्खी गाडी हसली. आम्हीही हसलो, आणि गाडी वळणावर गेली तशी वैशाली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. कुणीच कप काढला नाही. लॅब इतकी सुनी मला आधी कधी वाटली नव्हती.

वैशाली रोज आटपाडीला फोन करायची. "आप्पा, जेवलात का?"

"जेवलो की! पोटभर."

एकदा तिनं आप्पांच्या शेजारच्या मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, "कसलं जेवण! तुम्ही दिलेलं खोकं उघडलेलंसुद्धा नाही. त्यावर रेडिओ ठेवलाय. म्हातारा नुसत्या चहावर आहे. असंच चाललं तर दिवाळी बघायचा नाही."

त्या संध्याकाळी माने साहेब, वैशाली आणि मी लॅबमध्येच थांबलो. रविवारी जायचं, आप्पांना गाडीत घालून इकडं आणायचं, आलटून पालटून तिघांच्या घरी ठेवायचं, असं माने साहेबांनी ठरवून टाकलं. पण साहेबांचीच शुगर वाढली आणि ते आठवडाभर दवाखान्यात पडले. मग माझ्या घरी पाहुणे आले. तो रविवार असा करत करत तीन आठवड्यांनी उजाडला. रस्ताभर वैशालीचं एकच चाललेलं, "उशीर तर नाही ना झाला?"

*

माझ्या मते सगळ्यात भारी किस्सा हाच.

दुपारचे चार वाजले असतील. माने साहेबांनी गाडी आप्पांच्या दारात उभी केली. मी गाडीतच ठरवलेलं, की आप्पा नाही म्हणाले तर सरळ हात धरून ओढायचं. दार सताड उघडं. आम्ही उंबऱ्याशी गेलो आणि तिथेच थबकलो.

आत आप्पा खाटेवर मांडी घालून बसले होते. सुतळी गेलेली, कमरेला पट्टा. कोपऱ्यात मायक्रोवेव्ह खोक्याबाहेर, रेडिओ खाली जमिनीवर. हातात वाफाळता कप, तोंडात चमचा, डोळे मिटलेले. सुंठेचा वास थेट दारापर्यंत. आम्ही आल्याचा त्यांना पत्ताही नाही.

वैशालीनं माझा हात घट्ट धरला. माने साहेब घसा खाकरून म्हणाले, "आप्पा, एकटेच व्हय?"

आप्पांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता धडपडत उठतील, गहिवरतील, कप आमच्यापुढे करतील. छे! कप त्यांनी छातीशी धरला, चमच्यानं बाहेरचं बाकडं दाखवलं, आणि तोंडातला घास न गिळताच म्हणाले,

"बसा वाईच तितं. आदी माजा हुंदे!"