राखणदाराचं पागोटं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आम्हा वकिलांना पुरावा लागतो! तरीही हे लिहितोय... कारण यात आरोपी मीच आहे.

१९६३चा शिमगा. म्हसावदला मामांची केळीची बाग. मी आणि माझा पुण्याचा वर्गमित्र वसंत तिथे उतरलो होतो. दोघंही एलएल.एम.ला, विषयही एकच – खाजगी राखणदार आणि कायदा. परवाना कोणी द्यायचा, चोरी झाली तर जबाबदार कोण, वगैरे. ज्याचा प्रबंध सरस, त्याला कॉलेजात लेक्चररची जागा, असं सरांनी सांगितलेलं.

गाव माझं, मामा माझे... आणि माहिती मिळायची त्याला! मामांचा म्हातारा राखणदार रूमादादा माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. वसंताशी मात्र तासन् तास. त्याची वही भरत चालली, माझी कोरी. मामीसुद्धा भाकरी आधी त्यालाच वाढायची. नुसता जळफळाट व्हायचा.

होळीसाठी रूमादादा डोंगरातल्या काठी गावाला निघाला. दिवसभराची चाल. जाताना त्याने पागोटं बागेतल्या खांबावर ठेवलं. "पागोटं आठे शे, म्हंजे मी आठेच शे," म्हणाला. पागोटं इथे, म्हणजे राखणदारही इथेच. त्यांची ती रीतच. राखणीतलं काही गेलं, तर राखणदाराने पागोटं मालकाच्या पायाशी ठेवायचं आणि कायमचं निघून जायचं. वसंत हे भक्तिभावाने लिहून घेत होता. मी म्हटलं, "आता पागोट्यालाही परवाना द्या!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वसंत वही त्याच खांबाखाली ठेवून विहिरीवर आंघोळीला गेला. बागेत चिटपाखरू नव्हतं. मी ती उचलली आणि घरी ट्रंकेत कपड्यांखाली दडवली.

वसंताने सगळी बाग पालथी घातली. मीही त्याच्याबरोबर शोधत होतो!

तिसऱ्या दिवशी रूमादादा परतला. वही गेल्याचं ऐकून त्याने पागोटं डोक्यावर चढवलं. मग मला एकट्याला बांधावर नेलं.

"भाऊ, तू तीनदाव माघारी फिरना. मंग वही लिधी. छातीले लाईसन रडना."

खरंच तीनदा माघारी फिरलो होतो, वही छातीशी धरून रडलो होतो. बायकोलाही हे कधी सांगितलेलं नाही. मामा तेव्हा शहाद्याला, गडी होळीला गेलेले... आणि रूमादादा काठीतून हललाच नव्हता, याची त्याच्याबरोबर नाचलेल्या चौघांना नंतर वेगवेगळं गाठून मी खात्री करून घेतली.

"मी कोनलेच सांगस नही. वही ठी दे," तो म्हणाला. "पन तू कसाले रडना, ते माले नही समजनं. तू सांग."

मी गुपचूप वही खांबाखाली ठेवून आलो. जागा वसंतालाच मिळाली.

रूमादादाला ते दिसलं कसं, याचं उत्तर साठी उलटली तरी सापडलेलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या बांधावरच ठाऊक होतं – मला वसंत व्हायचं होतं. ते काही मी त्याला सांगितलं नाही.