माझ्या मागच्या चाकाचा ठसा

मी शाळेत विज्ञान शिकवते. काडी न ओढता जाळ कसा करतात, पाण्यानं दिवा कसा पेटवतात, हे दरवर्षी पोरांना करून दाखवते. उद्या कुणी बाबा हेच करायला लागला तर त्यांना हसू यावं, एवढाच हेतू. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवही मी आजवर चहाबरोबर वाचले आणि सोडून दिले. आता स्वतःच लिहायला बसलेय... तर हसा खुशाल, तुमच्या जागी मीही हसले असते.

आम्ही जिंतूरचे. आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ, दादा. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढं, आणि या वयात आम्हा दोघांना माउंटन बाइकचं वेड लागलंय. लोक विचारतात, परभणी जिल्ह्यात कसले आलेत माउंटन? अहो, येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यात या एकदा! गाडवाटा, गुरांच्या पायवाटा, नाले, टेकाडं. काळी माती संपली की मुरूम, मुरूम संपला की खडक. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं नव्या वाटा हुडकतो. एखादी फर्मास वाट सापडली की मी सोमवारच्या पहिल्या तासाला वर्गात तेच सांगत बसते.

तिथं खरा शत्रू एकच — बाभळीचा काटा. दादाच्या टायरमध्ये ट्यूब नाही. आत गोंदासारखं औषध भरलेलं असतं, काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. माझ्या चाकात अजून साधी ट्यूबच. म्हणून दादा पुढं, मी मागं, आणि माझं चाक त्याच्या चाकाच्या रेघेवर. त्या रेघेतले काटे त्याच्या टायरनं आधीच उचललेले असतात. "माझी रेघ सोडू नको, शैले," हे तो दर रविवारी म्हणतो.

अशा सवयीमुळे आम्हाला एकमेकांच्या टायरचे ठसे तोंडपाठ. माझ्या मागच्या टायरचा तर कुणालाही ओळखू येईल. त्याच्या रबराचे शेजारशेजारचे दोन उंच दाणे खडकानं कापलेत. ओल्या मातीत दर फेऱ्याला तेवढी जागा कोरी राहते.

गोष्ट यंदाच्या दिवाळीआधीची. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, रात्री पाऊस शिंतडून गेला होता. माती इतकी झकास, की चाकाला चिकटत नव्हती आणि ठसा मात्र छापल्यासारखा उमटत होता. गाडवाटेनं नदीपर्यंत जायचं, बैलगाड्या नदी ओलांडतात त्या उतारावरून पलीकडं हिंगोली जिल्ह्यात शिरायचं, तिथं चहा, मग धरणाच्या रस्त्यानं घरी, असा बेत होता.

नाल्याच्या अलीकडं मला बांधावर मोर दिसला. फोटोसाठी दादाची रेघ सोडली आणि लगेच फुस्स... मागचं चाक बसलं.

दादा थांबला, पण त्याच्याच्यानं थांबवतंय कुठं? "तू कर निवांत. मी फुडं जाऊन उताराला पाणी किती हाय बघतो. गुडघ्याएवढं असलं तर सायकल खांद्यावर घिऊन पल्याड जातो."

"दादा, थांब की. तुला पोहता येत नाही."

"गुडघ्याएवढ्या पाण्यात कोण पव्हायलंय?" म्हणाला आणि गेलासुद्धा.

मी सायकल उलटी केली, मागचं चाक काढलं आणि मांडीवर घेऊन बसले. काटा टायरच्या आत मोडला होता, बोटानं चाचपून काढायला बराच वेळ गेला. त्या सगळ्या वेळात माझ्या शेजारून माणूस सोडा, शेळीही गेली नाही. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा.

चाक बसवून निघाले. नाला ओलांडला, वळण घेतलं, दादाची रेघ समोर होतीच, तिच्यावर आणखी काय उमटलंय ते मी निरखून बघितलं नाही. पुढं फाटा आला. डावीकडची वाट नदीत उतरते, उजवीकडची टेकाडावर चढते. आणि दादाची रेघ चक्क उजवीकडं! ठरलं काय आणि हा गेला कुठं... चिडचिड करतच मी वळले.

पण काय वाट होती ती! आधी छाती फुटेल असा चढ, मग टेकाडाच्या कडेनं एकाच चाकापुरती पायवाट, झुडपांमधून डावी-उजवी वळणं, मध्येच खडकाची पायरी आणि खाली उडी. मी एकटीच मोठ्यांदा ओरडत होते. इतकी वर्षं इथं फिरून ही वाट कशी दिसली नाही, याचंच नवल वाटत होतं. दादावरचा राग पार उतरला होता.

वर सपाट खडक लागला. दादा तिथं उभा होता, पण पाठमोरा. तोंडाशी हात धरून पुढच्या दरडीकडं हाका मारत होता, "शैले... ए शैले..."

"दादा, मी इकडं आहे."

तो वळला. चेहरा पांढराफटक. "तू मागून कुटून आलीस?"

"मागूनच येणार ना. पंक्चर काढत होते."

"थट्टा करू नको. कव्हाचा वरडायलोय मी. तुझ्याच मागं आलो की वर."

मग त्यानं सांगितलं. फाट्याच्या अलीकडं एका मळ्यात तो बाटली भरायला शिरला. बाहेर येऊन बघतो तर वाटेवर माझा ठसा, त्याच्या रेघेवरून पुढं गेलेला. दर फेऱ्याला दोन दाणे गायब. त्याला वाटलं, ही हाकसुद्धा न मारता गेली. फाट्यावर माझा ठसा उजवीकडं वळलेला. "मी सरळ उतारालाच चाललतो. पण तू एकटी वर गेलीस म्हणून आलो तुझ्या मागं." ठसा खडकापर्यंत येऊन संपला होता.

मी त्याला वेड्यात काढणार, तेवढ्यात त्याचं लक्ष खाली नदीकडं गेलं. धरणातून पाणी सुटलं होतं. भोंगा झाला असणार, पण वारा उलटा होता, आणि चौकशी न करता नदीत उतरायचा बेत आमचाच. उताराचे दगड दिसेनासे झाले होते. गढूळ पाण्यात एक अख्खी बाभूळ गरगरत चालली होती. दादा उताराला गेला असता तर पाणी आलं तेव्हा तिथं मध्यावरच असता, खांद्यावर सायकल घेऊन... मी त्याचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना आम्ही सायकली हातात धरून, वाकून वाकून माती बघत आलो. मळ्यापासून फाट्यापर्यंत, आणि पुढं चढावरही, सगळ्यात खाली माझा ठसा. त्यावर दादाचा. त्यावर परत माझा. तेच दोन कोरे दाणे, तेच अंतर. मी वितीनं मोजलं, मग दादानं मोजलं.

नाल्याजवळच्या वळणाशी तो जास्तीचा ठसा सुरू होत होता. वाटेच्या मधोमध, नुसता सुरू. कडेच्या गवतातून सायकल आत आल्याची खूण नाही, पावलं नाहीत. आणि त्याच्या अलीकडं, मी जिथं चाक मांडीवर घेऊन बसले होते, तिथून निघालेला माझा ठसा एकच.

फोटो काढून सायकलिंगच्या ग्रुपवर टाकले. एकजण म्हणाला, मॅडम, तुम्ही दोनदा गेला असाल. दुसरा म्हणाला, तसाच टायर दुसऱ्या कुणाचा असेल. असेल. पण तेच दोन दाणे तुटलेला? आणि तो वळणावर उतरला कुठून, खडकावर गेला कुठं?

भाऊबीजेला मी ताट घेऊन गेले, तर दादा म्हणाला, "पाटावर तू बस." वहिनीला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानंच निरांजन लावलं, मला कुंकू लावताना निम्मं नाकावर सांडलं, आणि उलटसुलट कसंतरी ओवाळलं. म्हणाला, "तू फुडं नसतीस तर मी उतारातच ऱ्हायलो असतो."

दादा, मी पुढं नव्हते रे... हे त्याला मी किती वेळा सांगितलंय. परत सांगायला तोंड उघडलं, तर वहिनी पदरानं डोळे पुसत होती. मग मी नुसतं नाकावरचं कुंकू पुसलं. ते ओवाळणं माझं नव्हतं. जिचं होतं ती कोण, मला ठाऊक नाही. पण माझा भाऊ समोर धडधाकट उभा होता, म्हणून तिच्या वतीनं मी ते घेतलं आणि दादाला वाकून नमस्कार केला.