सरकारची एक, लेकाची एक

आमच्या गल्लीतल्या पुष्पाअक्कांना काही पटवून देणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. एखाद्या वेळी चढेलही, पण तोवर आपला जीव जातो.

अक्का मूळच्या पिंपळनेरकडच्या. नवरा वारून सहा वर्षं झाली, मुलगा रविंद्र पुण्यात नोकरीला. धुळ्यात तीन खोल्या आणि डोक्यावर गच्ची, एवढ्या राज्याच्या त्या महाराणी. चैत्र लागला की गल्लीभराचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, त्याच गच्चीवर पडतात. ज्वारी किती दिवस भिजवायची, शिजत्या पिठाच्या घाट्यात लसूण किती, तीळ किती, सगळा अक्कांचा हुकूम. रविंद्र दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणतो, "आई, आता एकटी राहू नकोस. पुण्याला चल." आणि अक्का दर रविवारी सांगतात, "माले काय बी व्हयेल नही. हातपाय चालतात तोवर मी धुळ्यातच."

म्हणजे हातपाय थांबले की पुणं. हे बोलणं त्यांच्या तोंडून निघालं आणि तिथेच त्या अडकल्या.

कारण यंदा नेमके पायच रुसले. भल्या सकाळी चुलीवर घाटा रटरटत होता, अक्का लाकडी दांडक्यानं तो घाटत होत्या, आणि एकदम "अगं बाई!" करून पोटरी धरून खालीच बसल्या. पोटरीत हा एवढा गोळा. पाठोपाठ गरगरलं, मळमळलं, आणि गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन सकाळचा चहा बाहेर पडला.

झालं! गल्लीत डॉक्टरांना काय तोटा? भिकुबाईनं आधी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "दृष्ट शे ही. परवा त्या पलीकडच्या गल्लीतली बिबडे मोजत उभी नव्हती का?" एसटीतून निवृत्त झालेला नवल कंडक्टर जिन्यातूनच ओरडला, "अहो, गॅस आहे! गॅस डोक्यात चढतो, मग पायात उतरतो." त्याच्या अंगातला गॅससुद्धा थांबे घेत प्रवास करतो. कुणी पायाला दोरा बांधला, कुणी कांदा हुंगवला. डॉक्टरकडे न्या, असं एकही माणूस म्हणेना. मी म्हणालो, तर अक्का माझ्यावरच डाफरल्या.

"नाना, तू चूप बस. आणि रवीला फोन केलास तर याद राख."

दुसऱ्या दिवशी तेच. अक्कांनी तांब्याभर पाणी घटाघट पिऊन वेळ मारून नेली. ऊन चव्वेचाळीसवर, चुलीची धग वेगळी, घामानं लुगडं ओलंचिंब, आणि बाई पाण्यावर पाणी पितायत. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या वरच्या पायरीवर पोटरी पुन्हा आकडली. कठडा हाताला लागला म्हणून वाचल्या, नाहीतर हे लिहायला माझा हात उचलला नसता.

तेव्हा मात्र मी आणि भिकुबाईनं त्यांना अक्षरशः रिक्षात कोंबलं. डॉक्टर संघमित्रा वयानं लहान, पण नजर करडी. त्यांनी साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला, रक्त दिलं तपासायला. म्हणाल्या, "पायात गोळे, चक्कर, मळमळ, याला कारणं पुष्कळ असतात. ऊन, रक्त कमी, साखर उतरणं, मूत्रपिंड, कधी कधी हृदयसुद्धा. अंदाजावर चालत नाही. बीपीच्या गोळ्या कोणत्या घेता?"

"एक शे ना," अक्का म्हणाल्या. "सरकारी दवाखान्याची. पांढरी."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या धुळ्याला ठाऊक आहे. आणि माझा ओटा अक्कांच्या ओट्यासमोर. फेब्रुवारीपासून रोज सकाळी मी बघत होतो. चहा झाला की डबीतून दोन गोळ्या निघायच्या. "सरकारची एक, लेकाची एक," असं म्हणून दोन्ही घशात. लेकाची ती गुलाबी, रविंद्रनं पुण्याच्या डॉक्टरांकडून आणलेली, तीन महिन्यांच्या पाकिटांसकट.

"डॉक्टरीणबाई, दोन घेतात," मी म्हणालो. "आणि तुमच्यापैकी कुणीतरी मीठ कमी करा सांगितलं, तर यांनी सोडूनच दिलं. घाट्याचं मीठसुद्धा भिकुबाईनं चाखलं यंदा."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की चुलीची धग बरी.

"लेकानं आणलेली फेकू का?" त्या डॉक्टरांवर उखडल्या. "आणि सरकारची सोडली, तर तिथली नर्स रागे भरते!"

भिकुबाईला पिटाळून दोन्ही पाकिटं मागवली. संघमित्राबाईंनी ती उलटीपालटी करून वाचली आणि कपाळाला हात लावला. "आजी, नावं दोन, रंग दोन, आतलं औषध एकच. लघवी वाढवून बीपी उतरवणारं. दुप्पट घेताय, मीठ बंद, घाम धो धो, वर नुसतं पाणी. अंगातले क्षार राहतील कसे?"

संध्याकाळी रक्ताचा कागद आला, त्यातही क्षार घसरलेलेच. दोन दिवस भरती ठेवलं. दवाखान्यातून फोन गेला, तसा रविंद्र गाडी घेऊन धावत आलाच. "बास आई, सामान भर." अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना गप्प पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगतो, मला काही ते आवडलं नाही.

संघमित्राबाईच बोलल्या, "बाकी तपासण्या ठीक आहेत. औषध मी एकच लिहून देते, मीठ किती तेही लिहून देते. रोज गोळी घेताना कुणी बघणारं असलं आणि दर पंधरा दिवसांनी इथे दाखवलं, तर त्या घरी राहू शकतात. कुणी आहे का बघणारं?"

"हा शे ना," अक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "दुसरं काय काम शे त्याले?"

रविंद्र माझा नंबर घेऊन एकटाच परतला.

तेव्हापासून रोज सकाळी अक्का ओट्यावर येतात, गोळी उंच धरून मला दाखवतात, गिळतात, आणि एक अक्षर न बोलता आत जातात. चुगली केली ना मी! बिबडे वाळल्यावर घरोघर वाटले, मला वगळून. माझा वाटा आठ दिवसांनी आला, वेगळ्या डब्यात. भाजून तोंडात टाकला, तर मिठाचा कण नाही. माझ्यापुरता वेगळा घाटा, बिनमिठाचा, त्या उन्हात उभं राहून शिजवला होता बाईनं.

रविंद्रचा फोन आला, "नाना, आईची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत," मी म्हणालो, आणि दुसरा बिबडा मिठाला लावून खाल्ला.