आय विल पाँडर

एका इंग्रजी क्रियापदामुळे माझं लग्न मोडलं. मुलगी चांगली होती, पत्रिका जुळली होती, आणि मी तर वर्षभर तिच्या घरावरून, मेलकावेरी पेठेच्या रस्त्याने सायकल दामटत कचेरीला जात होतो. (कचेरी नेमकी उलट्या दिशेला होती.)

पन्नास सालानंतरची गोष्ट. कुंभकोणच्या आमच्या घरी आत्या आणि तिचा मुलगा माधव मद्रासहून आले. अप्पांनी माधवला विचारलं, "काय रे, परसातला फणस तोडावा की ठेवावा?"

माधवने चष्मा काढला, आढ्याकडे पाहिलं. "मामा, आय विल पाँडर ओव्हर इट."

"बघ, याला म्हणतात पोक्तपणा," अप्पा मला म्हणाले. त्या फणसाबद्दल मी वर्षभर घसा फोडत होतो, त्याचं कुणाला काही नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डिक्शनरी काढली. पाँडर म्हणजे शांतपणे, सगळ्या बाजूंनी विचार करणे. विचार मीही करायचो, पण मराठीत, म्हणजे फुकट. दोन दिवस आरशापुढे आढ्याकडे बघायचा सराव केला. (आढ्याकडे बघताना आरसा दिसत नाही, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.)

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलगी बघायला गेलो. माधवही आला, कारण आत्या म्हणाली, "तो घरी एकटा काय करील?" मुलीचे वडील गोविंदराव शाळेत इंग्रजी शिकवायचे, ते सारखे माधवशीच बोलत होते. शिऱ्यासारखी गोड सोज्जी आली, बज्जी म्हणजे भजी आली, मग कॉफी घेऊन मुलगी, कमला आली. पहिला पेला माधवला! मी जळून कोळसा झालो.

"काय राव, मुलगी पसंत आहे ना?" गोविंदरावांनी मला विचारलं.

होकार जिभेवर आला होता. तो गिळला आणि आढ्याकडे पाहिलं. "आय विल पाँडर ओव्हर इट."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, छाप पडली. म्हणून पुढे जोडलं, "डीपली."

कमलाच्या आईने माझ्यापुढची बज्जीची बशी उचलली.

रस्त्यात आत्या कडाडली, "मेल्या, मुलगी बघून 'विचार करून सांगतो' म्हणणं म्हणजे नको म्हणणं! हे कुठल्याही भाषेत म्हण, मुलीकडच्यांना कळतं."

अप्पा सकाळीच माफी मागायला धावले. पण गोविंदरावांनी आदल्या संध्याकाळीच माधवला नदीवर गाठून विचारलं होतं, आणि त्याने "पसंत" म्हणून टाकलं होतं.

"अरे, तू पाँडर नाही केलंस?" मी विचारलं.

"मुलगी छान आहे. त्यात कसला विचार करायचा?" माधव म्हणाला.

त्यांच्या लग्नाच्या पंगतीत गोविंदराव लाडवांचं ताट घेऊन माझ्या पानापाशी आले. "काय राव, आणखी एक..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओरडलो, "पसंत आहे!"