नूरमोहम्मद चाचा आणि भेगेवरची काच

नूरमोहम्मद चाचांइतका घाबरणारा माणूस मी पाहिला नाय. हे मी त्यांना नावं ठेवायला लिहीत नाय, उलट त्या मंगळवारी त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.

चाचा चुन्याचे मिस्त्री. वय सत्तरच्या पुढं, घर गुलमंडीच्या मागं. छावणीतल्या एका जुन्या दगडी चर्चच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडं होतं आणि मी, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाची सोनिया, त्याच चर्चची मापं घ्यायला जायचे. हे चर्च एका गोऱ्या साहेबानं विलायतेतल्या आपल्या गावच्या चर्चवरून बांधून घेतलेलं. तिकडचं मूळ चर्च सातशे वर्षं जुनं. तिथं आधी प्रार्थनेचा हॉल झाला, मनोरा दोनशे वर्षांनी चिकटवला, म्हणून दोन्हींच्या मधे सरळ उभा सांधा राहिला, दगड एकमेकांत गुंतलेच नाय. इथल्या गवंड्यांनी नकाशा बघून सगळं तस्संच उचललं, टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दिलेले दगडी टेकू, आणि तो सांधा पण. मी हे सांगितलं तर चाचा इतके हसले की हातातली विडी पडली.

"मतलब साहब के गाँव की गलती बी नाप के लाये?"

पण त्याच सांध्यात आता बोट जाईल एवढी भेग होती. चर्चच्या कमिटीला वाटायचं मनोरा हॉलपासून सुटतोय, पाडून टाकलेला बरा, खाली रविवारी लेकरं बसतात. म्हणून चाचांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली, दोन्ही टोकं चुन्यात पक्की. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. ठरलं असं की वर्षभर काच शाबूत राहिली तर मनोरा राहील. अकरा महिने झाले होते.

चाचा रोज आल्या आल्या डबासुद्धा खाली न ठेवता आधी काच बघायचे. कुणी विचारलं "चाचा, उभा राहील का?" तर म्हणायचे, "काच को पूछो." कारण पैठणकडं एका गढीची कमान त्यांनी बांधली होती, "राहील" म्हणाले होते, आणि ती पडली तेव्हा खाली त्यांचा धाकटा भाऊ साकिब होता. साकिबचा पाय गेला. तेव्हापासून कुठल्याच भिंतीला चाचांनी "राहील" म्हटलेलं नाय.

तर मंगळवारी दुपारी चाचा नमाजला गेले आणि मी घाईघाईत शिडी सरकवली. शिडीचं टोक काचेला लागलं. आवाज एवढासाच झाला. मी बघितलं, काच फुटली होती, आणि मी काय केलं तर शिडी गुपचूप मूळ जागी ठेवली आणि बाहेर जाऊन खिडकीची मापं घेत बसले. मनात म्हणत होते आता सांगते, आता सांगते.

चाचा आले आणि आल्या आल्या काच बघितली. लगेच आतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. अभय सरांना, म्हणजे कमिटीच्या सेक्रेटरींना, फोन केला. आणि स्वतः लाकडी टेकू घेऊन एकटेच मनोऱ्याखाली आत गेले. टेकू एकट्याला पेलेना, सारखा दगडावर वाजत होता. तो आवाज मी बाहेरून ऐकला आणि मला राहवलं नाय, पळत आत गेले.

"चाचा, भिंत नाय सरकली. माझी शिडी लागली."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाय. काचेजवळ गेले. तडे एका ठिपक्यातून चहूबाजूंनी पसरलेले. भिंत सरकली असती तर काच भेगेच्या रेघेनं तुटली असती.

"कब?"

"तास झाला."

"एक घंटे से मैं मर रहा, और तू खिडकी नापती?"

मी रडायलाच लागले. तेवढ्यात अभय सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "तुला तुझं ड्रॉइंग पूर्ण करायचंय, तू हेच म्हणणार. खरं होतं तर लगेच का नाय सांगितलं?" मग ते चाचांकडं वळले. "कमिटी आणखी वर्षभर थांबणार नाय. तुम्हीच सांगा चाचा, मनोरा राहील का? तुम्ही व्हय म्हणा, मी कमिटीला सांगतो."

चाचांनी वर बघितलं.

"वो 'राहील' लफ्ज मेरे से नहीं निकलता, साहब," ते म्हणाले. "नवी काच लावतो. आणि काचेचा निकाल लागेपर्यंत चुना मी हितं मळतो, याच्या खाली. रोज. लेकरांना दुसरीकडं बसवा."

"जिवाशी खेळ कशाला करता?"

"खेल नहीं. डर लगता मेरे को. पर गिरेगा तो पहले मेरे को पता चलना."

कमिटीनं वर्ष नाय दिलं, दिवाळीपर्यंतचा वेळ दिला. पावसाळा पुढंच आहे आणि खरी परीक्षा त्यातच. चाचांनी चुन्याचं घमेलं, त्यात कालवायचा गूळ आणि बेलाच्या पाण्याचा डबा, सगळं मनोऱ्याखाली हलवलं. जेवतात पण तिथंच, प्रत्येक घासाला वर बघत. माझी मापं संपलीत तरी मी जाते. पहिल्या दिवशी म्हणाले, "तू बाहेर बैठ." मी त्यांच्या शेजारीच बसले. मान दुखेपर्यंत आम्ही दोघं वर बघत होतो.