कवितेसाठी सिमेंट

साऱ्या मुंबई इलाख्यात कवितेसाठी सिमेंट कालवणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे शहापुरातले आमचे घरमालक, रिटायर ओव्हरसियर अण्णा. गंमत अशी की या माणसाला कवितेतले ओ की ठो कळत नव्हते. आणि कळायला आधी ऐकू यावे लागते, तेही धड येत नव्हते. लष्करी कॅम्पातल्या बराकींसाठी आणि नंदगडाकडच्या रस्त्यांसाठी हयातभर खाणीत सुरुंग उडवता उडवता त्यांचे कान कामातून गेले होते. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारा शाळामास्तर. त्यांनी खालून "मास्तर!" अशी साद घातली, की मागच्या आळीतले मास्तरही खिडकीत येत.

कुणाच्याही घरी गेले की अण्णा आधी टाळी वाजवत आणि माझ्याकडे वळून विचारत, "घुमलं?" मी "घुमलं" म्हटले की नापसंतीने मान हलवत, आणि मगच यजमानाला नमस्कार करत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल असे एक सभागृह बांधायचे त्यांच्या डोक्यात होते, आणि त्यासाठी कान माझे, हिशेब त्यांचा, अशी आमची वाटणी होती. एका लग्नात मला मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभे करून ते स्वतः पुढे गेले, आणि मी नकारार्थी मान हलवताच मंगलाष्टके मध्येच थांबवून भटजींना म्हणाले, "शेवटच्या रांगंला काय बी कळंना झालंय, तोंड जरा हिकडं करा!" निम्म्या वऱ्हाडाने हातातल्या अक्षता त्यांच्यावरच टाकल्या. एका रविवारी कॅम्पातल्या चर्चच्या खिडकीबाहेर आम्ही दोघे भिंतीला कान लावून उभे होतो. पाद्रीसाहेब बाहेर आले तेव्हा मी पळायच्या बेतात होतो, पण अण्णांनी त्यांना शांतपणे सांगितले, "सायेब, छत लई उंच केलंय तुमचं. सगळा आवाज वर देवाकडं जातोय, खाली माणसास्नी काय गावंना."

गावातल्या कवींचे मात्र अण्णांमुळे भले झाले. ते त्यांना बोलावून चहाचिवडा देत, परसात उभे करत आणि कविता म्हणायला लावत. कविता कशावर आहे हे त्यांनी कधी विचारले नाही. आवाज विहिरीपर्यंत जातो, गोठ्यापर्यंत जातो, की तुळशीपाशीच बसतो, एवढेच मी सांगायचे. त्यावरून त्यांनी कवींच्या जाती पाडल्या होत्या. एका मोठ्या मानी कवीची "तुळशीपातुरचे" अशी ओळख त्यांनी त्याच्याच तोंडावर करून दिली, आणि तो बिचारा चिवडा अर्धा टाकून निघून गेला.

हे सगळे कशासाठी, ते मला फार उशिरा कळले. अण्णांची बायको मी राहायला येण्याआधीच वारली होती. बाई अगदी हळू बोलायची, आणि घरात नवरा बहिरा. म्हणजे दोघांचा संसार खाणाखुणांवरच झाला म्हणायचा. ती गेल्यावर तिची दळणातली जोडीदारीण, शेजारच्या विणकराच्या घरची आक्का, अण्णांना सहज म्हणाली, "वैनीच्या वव्या लई ग्वाड हुत्या बगा. सोताच जोडायची." अण्णांना पत्ताच नव्हता. जाते त्यांच्या खाटेमागच्या भिंतीपलीकडेच होते, आणि इतक्या वर्षांत एक ओळ त्यांच्या कानावर गेली नव्हती. "आक्काच्या तोंडनं तरी एकदा ऐकायच्या हायत मला," ते म्हणाले. "पर तिचा बी आवाज बारीक, आन् माझं कान दिवसंदिवस मिटत चाललंत. तवा जागाच अशी बांधायची, की फुंकर मारली तरी मागं ऐकू आली पायजे."

आणि त्यांनी ती बांधली. किल्ल्याच्या खंदकाजवळची सरकारी जागा मागून मिळेना, म्हणून परसातला गोठा पाडला. समोर दगडी पायऱ्या, पुढे ओटा आणि ओट्यामागे सुपासारखी वळलेली काँक्रीटची कमान. कमानीला दिवसभर पाणी मारत ते स्वतः उभे राहत, आणि येणारे-जाणारे विचारत, "अण्णा, कुठला देव बसवणार?"

अडचण एकच होती, हातमागांची. आमच्या आळीत सकाळपासून माग खटखटायचे. ते थांबत फक्त अवसेला. त्या दिवशी विणकर मागाच्या धोट्याला हात लावत नाहीत. तेव्हा अण्णांनी उद्घाटन अवसेलाच ठरवले आणि पाहुणे म्हणून झाडून साऱ्या कवींना आमंत्रणे दिली. मी म्हटले, "अण्णा, अवसेला शुभकार्याला कोण येणार?" ते म्हणाले, "कवी कुठं पंचांग बघत्यात?"

कवी पंचांग बघतात. एकही आला नाही, अगदी विहिरीपर्यंतचेसुद्धा! आले ते सुट्टी असलेले विणकर आणि त्यांच्या बायका. मला वाटले अण्णा हिरमुसतील, पण ते उलट खुश झाले. "बरं झालं, आता मधी कोण न्हाय. आक्का, चढ वर!"

आक्का लाजून चूर झाली. "हुभं ऱ्हाऊन वव्या कशा म्हणू? जात्याबिगर आठवायच्या न्हाईत." शेवटी ती ओट्यावर मांडी घालून बसली, आणि नसलेल्या जात्याचा खुंटा धरून हात फिरवू लागली. अण्णा माझ्याजवळ शेवटच्या पायरीवर बसले होते.

धन्यानं माझ्या बाई, फोडिला डोंगर काळा
माझा गं गळा, पोचंना त्याला

तिच्या बांगड्यांची किणकिणसुद्धा मला स्पष्ट ऐकू आली. अण्णा कानामागे हात धरून पुढे वाकले होते.

"सुरू कर म्हणावं तिला," ते म्हणाले.

"म्हणून झाली, अण्णा."

"पुन्यांदा म्हण, आक्का!"

तिने पुन्हा म्हटली. अण्णांनी हात हळूहळू खाली घेतला.

"मास्तर, तुमास्नी आली ऐकू?"

"आली. अक्षर न् अक्षर."

"मग कमान बराबर बसली म्हणायची." मग ते माझ्याकडे वळले. "काय म्हणत हुती?"

दुसरी एखादी बरी ओवी आपल्या पदरची सांगावी, असे माझ्या मनात येऊन गेले. पण ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन होती तशीच ती ओरडून सांगितली.

"खरं हाय तिचं," अण्णा म्हणाले. मग ओट्याकडे हात करून, "आक्का, म्होरली म्हण."

त्या दिवशी आक्काला आठवल्या तेवढ्या साऱ्या ओव्या मी अण्णांच्या कानात ओरडलो. बायकोने लाजत, हळू म्हटलेले शब्द ते एका परक्या पुरुषाच्या खड्या आवाजात, मान खाली घालून ऐकत होते. आणि मला फार वाटत होते, की देवाने मला आवाज जरा मऊ द्यायला हवा होता.