चौकशी अण्णा आणि ओली वाळू

आमच्या घरात कुणी प्रश्न विचारत नसे. वडील लासूर स्टेशनच्या बाजारात हमाली करायचे, आई दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. "आज काम किती वेळ चालंल?" एवढं विचारलं तरी दुसऱ्या दिवशी मुकादम दुसरा माणूस उभा करायचा. त्यामुळे सांगतील ते ऐकायचं आणि कळल्यासारखी मान हलवायची, हे आम्ही भावंडं फार लवकर शिकलो. त्या मान हलवण्यावरच मी भूगोल घेऊन बी. ए. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो.

म्हणूनच शेंद्र्याच्या कारखान्यात तपासणीला लागलो आणि अण्णा भेटले तेव्हा मी चक्रावलो. करमाडचे, शेतकरी घरातले, आयटीआय करून टूलरूमचे, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागाचे, फोरमन झालेले. सगळे त्यांना 'चौकशी अण्णा' म्हणत, कारण हा माणूस कुणालाही काहीही विचारायचा. न्हाव्याला वस्तऱ्याचं पोलाद विचारायचा, कॅन्टीनवाल्याला पोहे आजच चिकट का झाले ते. एकदा मोठ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, हा टाय रोज नव्यानं बांधता का तयार फासच गळ्यात घालता?" साहेबांनी तो सोडून, पुन्हा बांधून दाखवला होता. मला त्यांची लाज वाटायची. एकदा तसं बोललो, तर म्हणाले, "आपल्याला ठाऊक नाय, हे समोरच्याला दिसतंच की रे. मग लपवायचं कुणापासनं?"

आमचा तिसरा दोस्त देशपांडे. तो विक्री विभागात होता आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या नादानं गोल्फ शिकला होता. त्यानंच कोकणात समुद्राकाठच्या एका गोल्फ मैदानावर दोन दिवस जायचं ठरवलं. गाडी माझी होती. आमच्या घरातली पहिली, दोन महिन्यांची. वडिलांनी तिला हार घातला होता आणि मी निघताना "जपून आण रं" एवढंच म्हणाले होते.

मैदान उंचवट्यावर, खाली किनारा. वर गाडी लावायला जागा होती, पण खालची वाळू मला डांबरी रस्त्याहून गुळगुळीत दिसली. फोटो झकास येईल म्हणून गाडी थेट वाळूवर नेली. अण्णांनी उतरून बुटाच्या टाचेनं वाळू खरवडली.

"दत्ता, पाऊस नाय, नळ नाय. इथवर ओल कशानं आली?"

"समुद्र आहे अण्णा. ओल असणारच," मी म्हणालो आणि फोटो काढला.

भरती-ओहोटीवर मी परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे, चंद्राच्या आकृतीसकट. पण आम्हा मराठवाड्याच्या माणसांचं पाणी म्हणजे धरणातलं. ते महिन्या-महिन्यानं खाली जातं. संध्याकाळी उठून अंगावर येत नाही.

खेळात माझा चेंडू जागचा हलेना. अण्णांनी चेंडू सोडून गवताचं ढेकूळ उडवलं आणि ते पुन्हा जागेवर दाबत मैदानाच्या माळ्याला विचारलं, "हे परत जगतं का हो?" पण भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचल्यावर ते एकदम उकिडवे बसले, तळहात गवतावर टेकवला.

"अण्णा, काय करताय?" देशपांडेनं विचारलं.

"दारं धरतोय."

शेतात पाणी देताना ते एका सरीतून दुसरीत वळवावं लागतं. त्याला दारं धरणं म्हणतात. उतार डोळ्याला दिसत नाही, पाणी दाखवतं. अण्णांचं बालपण त्यातच गेलेलं. "इथं पाणी सोडलं तर डावीकडं पळंल," म्हणत त्यांनी चेंडू मुद्दाम उजवीकडं ढकलला. तो निवांत वळसा घेत भोकात पडला.

"आयला! दहा वर्षं मी काय झक मारली?" देशपांडे ओरडला.

आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि अण्णा खाली किनाऱ्याकडं बघत होते. "दत्ता, मघाशी तिथं एक काळा खडक व्हता ना? तो कुठं गेला?"

आम्ही धावत उतरलो. लाट मागच्या चाकांना लागत होती. मी गाडी सुरू करून दाबली रेस. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी वाळूत बसली.

"थांब! रेस देऊ नको. आधी विचारू," म्हणत अण्णा जाळं गोळा करणाऱ्या एका कोळिणीकडं पळाले आणि तिला घेऊनच आले.

"गाडी हितं कोणी लावलीन?" तिनं दरडावलं.

देशपांडे पँट वर दुमडू लागला. अण्णा माझ्याकडं बघत होते. पाणी दाराच्या कडेला आलं.

"मी लावली," मी म्हणालो. "मला भरतीची वेळ माहीत नव्हती. आता काय करायचं तेही कळत नाही. तुम्ही सांगा, मावशी."

"येवढं मगाशी इचारलं असतंस तर!" ती म्हणाली आणि लगेच कामाला लागली. चाकांतली हवा कमी करायला लावली, पुढची वाळू हातांनी उकरवली, माडाच्या झावळ्या चाकांखाली सारल्या. मी हळूच गाडी पुढं घेऊ लागलो. मागून तिघं ढकलत होते. गुडघाभर पाण्यातून अण्णांचा आवाज आला, "मावशी, पाणी रोज याच टायमाला येतं का?"

"अण्णा, ढकला!" देशपांडे किंचाळला.

"रोज पाऊण तास उशिरा. ढकला आता!" ती म्हणाली.

गाडी निघाली. अण्णा ओल्या पँटीनिशी पुटपुटत होते, "पाऊण तास. का बरं असंल?" मी चंद्राचं सांगितलं. त्यांनी इतकं विचारलं, की माझ्या पाठ केलेल्या उत्तराचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं गेलो. टूलरूमच्या तपासणीत मला सहा वर्षं झाली होती. मी जुना नमुना शेजारी ठेवून नवा भाग ताडून बघायचो आणि ड्रॉइंग, म्हणजे त्या भागाचा मापांचा नकाशा, समोर पसरून मान हलवायचो.

"अण्णा, मला ड्रॉइंग वाचता येत नाही."

"ठाऊक हाय. पहिल्या आठवड्यापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"बस. ही तुटक रेघ दिसती? ती तुटक का असंल?"

निवृत्त होईपर्यंत, दोन वर्षं, रोज अर्धा तास ते मला असे प्रश्न विचारत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले. करमाडला भेटायला गेलो तर अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, रडता रडता हसल्या. "शेवटच्या दिवशीसुद्धा नर्सला विचारत व्हते, सलाईनचे थेंब कशानं मोजता म्हणून."

यंदा मी टूलरूमच्या तपासणीचा प्रमुख झालो. ड्रॉइंग वाचून, माझी सही झाल्याशिवाय तिथून एकही भाग बाहेर जात नाही.